प्रमाणपत्र आठव्या वर्षी, मदत आजपासून: वाचन-लेखनात अडणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

पहिली-दुसरीतलं मूल वाचनात अडायला लागलं की आईबाबांना दोन सल्ले हमखास मिळतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘मोठा झाला की येईल.’ शाळा म्हणते, ‘घरी करून घ्या.’ सल्ला देणाऱ्यांचं यात काही जात नाही, मुलाची मात्र दोन-तीन वर्षं जातात. अलीकडे त्यात तिसरी गोष्ट आली आहे. पालक स्वतःच माहिती काढतात, ‘एलडी’चं (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं) प्रमाणपत्र काढायला रुग्णालयात जातात, तिथे कळतं की आठ वर्षं पूर्ण व्हायला हवीत, आणि मग तोवर थांबतात. विशेष शिक्षिका म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे थांबणं. प्रमाणपत्र परीक्षेतल्या सवलतींसाठी लागतं. मुलाला शिकवण्याची पद्धत बदलायला कुणाच्या सहीशिक्क्याची गरज नाही.

पुढे लिहिलं आहे ते साधारण पाच ते नऊ वर्षांच्या मुलांबद्दल. बोलण्यात चुणचुणीत, गोष्ट सांगितली तर नीट लक्षात ठेवणारी, पण वाचन, लेखन किंवा आकडेमोड आली की सतत मागे पडणारी मुलं. मूल बोलायलाच खूप उशिरा लागलं असेल, हाकेला ओ देत नसेल किंवा रोजच्या सगळ्याच गोष्टींत वयाच्या मानाने बरंच मागे असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी बालविकासाच्या डॉक्टरांकडे जा.

पहिलं काम: एक वही

शंभर पानी साधी वही घ्या. रोज रात्री दोन ओळी लिहा, तीन-चार आठवडे. ‘अभ्यास केला नाही, लक्ष नव्हतं’ असं लिहून काही हाती लागत नाही. नेमकं काय घडलं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘बदक’ बरोबर वाचलं, तीन ओळींनंतर तोच शब्द ‘वदक’ वाचला. फळ्यावरच्या पाच ओळींपैकी दोनच उतरवल्या. दोनचा पाढा तोंडी बरोबर, वहीत चुकला. पुढे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, वर्गशिक्षिका सगळे हेच विचारतात, आणि आयत्या वेळी आईला फक्त ‘तो वाचतच नाही हो’ एवढंच आठवतं.

देवनागरीत या मुलांच्या चुका ठरावीक जागी होतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, ट आणि ढ यांची अदलाबदल. ‘ख’चं ‘रव’. काना गळणं. पहिली वेलांटी तर मुद्दाम गोंधळात टाकायलाच केली असावी: ऐकू येते अक्षरानंतर, लिहायची अक्षराआधी. रफाराचंही तसंच, ‘सूर्य’मधला र कानाला य च्या आधी येतो आणि कागदावर य च्या डोक्यावर बसतो. काही मुलं पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने ठोकतात, ‘पावसात’ लिहिलेलं असेल तर ‘पावसाळा’ म्हणतात. काही जण धडा चक्क पाठ करतात. पान धडाधड म्हणून दाखवतात आणि सगळे खूश होतात. शंका असेल तर चित्र हाताने झाका आणि मधल्याच एखाद्या ओळीपासून वाचायला सांगा.

पाच-सहा वर्षांच्या मुलांमध्ये अक्षरांच्याही आधीची चिन्हं दिसतात. यमक न कळणं, ‘क’ने सुरू होणारे शब्द सांगता न येणं, वारांचा क्रम महिनोन्‌महिने न बसणं, ओळखीच्या वस्तूचं नाव ओठांवर येऊन अडकणं.

यातली एखाद-दुसरी खूण दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. उलटी अक्षरं आणि उलटे आकडे सातव्या वर्षाच्या आसपासपर्यंत बऱ्याच मुलांकडून होतात. मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं पक्की व्हायला कुठल्याही मुलाला तिसरी उजाडते. नुसतं अक्षर घाणेरडं असणं हेही पुरेसं कारण नाही. बऱ्याच खुणा एकत्र असतील, नीट शिकवूनही सहा महिन्यांत फरक पडत नसेल, तर मात्र गंभीरपणे घ्या. आणि आजी समजूत घालायला म्हणते ना, ‘त्याचा बापही चौथीपर्यंत असाच होता’, ते वाक्य वहीत तारखेसह लिहून ठेवा. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता) घराण्यात पुढे उतरू शकतो, डॉक्टर तो प्रश्न विचारतातच.

दुसरं: डोळे, कान आणि शाळेत गेलेले दिवस

चष्म्याचा नंबर तपासा आणि कानांची ऑडिओमेट्री करून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू कमी-जास्त येत राहतं, आणि द-ध, ब-भ यांतला फरक त्यांना खरोखरच कळत नाही. घोरणं, अपुरी झोप, बोलता बोलता मध्येच काही सेकंद टक लावून थिजणं, यातलं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सरकारी बाजूने यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत शिकण्यातल्या अडचणीही आहेत, फक्त पथकाच्या धावपळीत त्या दिसून येत नाहीत. पथक येणार त्या दिवशी वही घेऊन शाळेत थांबा आणि स्वतः सांगा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या) केंद्राकडे चिठ्ठी मिळते.

शिवाय एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा: या मुलाला शिकायची संधी पुरेशी मिळाली आहे का? ऊसतोडीला आईबाबांबरोबर गेलेलं मूल अर्धं वर्ष शाळेबाहेर असतं. घरी पावरी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी परकी असते. त्यांनाही मदत हवीच, पण त्यांच्या मागे पडण्याला अक्षमता म्हणणं चूक आहे.

तिसरं: शाळेशी बोलणं

शाळा सुटताना फाटकापाशी बोलू नका. वेळ मागून घ्या, शक्यतो आई आणि बाबा दोघे जा, वही बरोबर न्या. सुरुवात तक्रारीने केली की बाई बचावात जातात. ‘बाई, घरी आम्हाला असं असं दिसतंय, वर्गात तुम्हाला काय दिसतं?’ या प्रश्नाने बहुतेक वेळा दार उघडतं. साठ मुलांच्या वर्गात बाईंना सगळं जमणार नाही हे धरून मोजक्याच गोष्टी मागा:

– फळ्याजवळची जागा.
– तयारी नसताना सगळ्या वर्गापुढे मोठ्याने वाचायला उभं न करणं. एखादी ओळ आदल्या दिवशी सांगितली तर घरून तयारी करून पाठवू.
– फळ्यावरचं सगळं उतरवायची सक्ती नको, राहिलेलं मित्राच्या वहीवरून आम्ही घेऊ.
– परिसर अभ्यासासारख्या विषयात तोंडी उत्तर ग्राह्य धरावं, शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.

गृहपाठाचा डोंगर असेल तर केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाचा उल्लेख करा. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असं म्हटलं आहे.

जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेत असाल तर समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी तालुका पातळीवर विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापक ‘आमच्याकडे असं कुणी नाही’ म्हणाले तर केंद्रप्रमुखांना किंवा गट साधन केंद्रात विचारा.

खासगी शाळांत कधी कधी गोड शब्दांत सुचवलं जातं, ‘त्याच्यासाठी दुसरी शाळा बरी पडेल.’ शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १६ आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही, आणि कलम १७ मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. ही कलमं माहीत असावीत, पण पहिल्याच भेटीत काढू नयेत. रोज सहा तास मूल त्याच बाईंसमोर बसणार आहे. शाळेने काढून टाकण्याची भाषा केलीच, तर ‘हे लेखी द्या’ एवढं म्हणा. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच थांबतो.

चौथं: घरची पंधरा मिनिटं

शाळेत दिवसभर हरून आलेल्या मुलाला संध्याकाळी तासभर पुन्हा त्याच गोष्टीला बसवलं, की रडारड, ओरडा आणि शेवटी धपाटा हा क्रम ठरलेला. पंधरा मिनिटं पुरतात. मात्र रोज, ठरलेल्या वेळी, आणि पोटात काहीतरी गेल्यावर.

पहिली पाच मिनिटं वही-पेन्सिलीशिवाय. डिस्लेक्सियातली मुख्य अडचण डोळ्यांत नसते, ऐकलेल्या शब्दातले आवाज सुटे करण्यात असते. म्हणून खेळ आवाजांचे. ‘कमळमधला क काढला, काय उरलं?’ ‘गाडीतला ग काढून स ठेव.’ ‘टाळी वाजवत म-ग-र म्हण.’ यासाठी आपल्याकडे विकतचं साहित्य आणायची गरजच नाही. गाण्याच्या भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडणं म्हणजे हाच सराव, तोंडी नाव-गाव-फळ-फूल म्हणजे पहिल्या आवाजाचा सराव. मटार सोलताना, रिक्षात, बसथांब्यावर कुठेही होतो. आजी-आजोबांकडे हे काम द्या, ते यात तुमच्यापेक्षा सरस निघतात.

मधली पाच मिनिटं अक्षराची. एका वेळी एकच अक्षर किंवा एकच खूण. सारखी दिसणारी अक्षरं जोडीने शिकवायची नाहीत. घ पक्का झाल्यावर मध्ये काही आठवडे जाऊ द्या, मग ध घ्या. आधी बिनकान्या-मात्रेचे शब्द: घर, नख, कमळ, मगर. ते न अडखळता यायला लागले की फक्त काना: काका, चाक, नाक, पान. काना दुसऱ्या रंगाने लिहा. त्यानंतर दुसरी वेलांटी, मग पहिली. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. वर्गात पुस्तक कितीही पुढे गेलेलं असो, घरी आपला क्रम आपलाच. ताटात रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर काढायला लावा, आणि काढताना तोंडाने त्याचा आवाज म्हणायला लावा. नुसतं गिरवणं उपयोगाचं नाही, आवाज आणि आकार एकत्र जायला हवेत. अख्खी बाराखडी दहा वेळा लिहून काढायला लावणं हा मला सगळ्यात वाया जाणारा वेळ वाटतो. मूल आधी सगळे क लिहितं, मग सगळे काने देतं, मग सगळ्या वेलांट्या. हात दुखतो, एक अक्षरही शिकून होत नाही.

शेवटची पाच मिनिटं तुम्ही वाचायचं. शब्दांखाली बोट फिरवत एक वाक्य तुम्ही वाचा, तेच वाक्य मग त्याला वाचू द्या. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त ठिकाणी अडत असेल तर पुस्तक अवघड आहे, सोपं घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात. पहिल्या पातळीपासून सुरू करा, मूल तिसरीत असलं तरी. अडलं की मनात तीनपर्यंत मोजा, तरी आलं नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे जा. ‘काल तर आलं होतं ना!’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. काल येणं आणि आज न येणं हेच तर या अडचणीचं लक्षण आहे, तो आळस नव्हे.

गणितात अडणाऱ्या मुलाचे दिवस वेगळे ठेवा. मराठी आकड्यांची एक खास कटकट आहे. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर, आणि मूल ऐकलेल्या क्रमाने ३५ लिहून मोकळं होतं. एकोणचाळीस ऐकून ४९ लिहिणारी मुलं तर प्रत्येक वर्गात असतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात त्रेपन्नबरोबर ‘पन्नास तीन’ असं वाचनही दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, भाषा बुडाली इथपर्यंत. माझ्या कामात मात्र ती पद्धत फार उपयोगी पडते. घरी तशीच म्हणा: आधी ‘पन्नास तीन’, मग ‘त्रेपन्न’. काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घ्या. गठ्ठे हातात आल्याशिवाय हातच्याचं गणित कागदावर नेऊ नका.

गृहपाठात शाब्दिक उदाहरण असेल तर ते तुम्ही वाचून दाखवा. गणित येतं की नाही हे बघायचं असेल तर वाचनाचा अडसर काढायलाच हवा. परिसर अभ्यासाचं उत्तर त्याने सांगावं, तुम्ही लिहावं, खाली ‘आईने लिहिलं’ अशी नोंद करावी. बाईंना आधी सांगून ठेवलं की यात चोरी राहत नाही.

पाचवं: तपासणी, प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारच्या अक्षमता आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं. पुढे सूचनांमध्ये सुधारणा झाल्या आहेत, तेव्हा तारीख घेतानाच सध्याचा नियम विचारा. महाराष्ट्रात दहावीला या मुलांना सवलती १९९६ पासून आहेत. जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं अशा त्या सवलती.

मुंबईत शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत ही तपासणी होते, पुण्यात ससूनमध्ये. इतरत्र जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. एका दिवसात काम होत नाही. बालरोगतज्ज्ञ, डोळे, कान, मग मानसशास्त्रज्ञांकडे बुद्ध्यांकाची चाचणी, मग विशेष शिक्षकांकडे वाचन-लेखन-गणिताची चाचणी, असे हेलपाटे होतात आणि तारखा लांबच्या मिळतात. बरोबर न्यायचं: आधार कार्ड, शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रकं, मुलाच्या खऱ्या वह्या (नीट करून लिहून घेतलेल्या नव्हेत) आणि तुमची नोंदवही. युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. चाचणीच्या दिवशी मुलाला ताप असेल किंवा ते उपाशी असेल तर तारीख बदलून घ्या. आणि चाचणी मूल ज्या भाषेत शिकतं त्याच भाषेत व्हायला हवी. मराठी माध्यमातल्या मुलाची इंग्रजी वाचनाची चाचणी करून काही कळत नाही.

खासगी केंद्रातला अहवाल शिकवण्याच्या कामी येतो, सरकारी प्रमाणपत्राची जागा घेत नाही. तिथल्या मानसशास्त्रज्ञाची आणि विशेष शिक्षकाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून या कामात आहे, गोव्यात सेतू केंद्र आहे.

अहवाल हातात आला की शेवटच्या पानावरच्या शिफारशी आधी वाचा. बुद्ध्यांकाचा आकडा नातेवाइकांना सांगू नका. ऐंशी आणि एकशेदहा यातला फरक ते समजून घेणार नाहीत, फक्त लक्षात ठेवतील.

माध्यम बदलायचं का?

हा प्रश्न येतोच. इंग्रजी माध्यमात मूल अडलं की ‘घरी मराठी बोलणं बंद करा’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. ज्या भाषेत मूल भांडतं, हसतं, गोष्ट ऐकतं, ती काढून घेऊन दुसरी सुधारत नाही. पहिली-दुसरीत असाल आणि घरी इंग्रजीचं वातावरण अजिबात नसेल तर मराठी किंवा सेमी-इंग्रजीचा विचार जरूर करावा. चौथीनंतर बदल करताना मुलाचे मित्र सुटतात हेही मोजावं लागतं. डिस्लेक्सिया माध्यम बदलल्याने जात नाही, ओझं तेवढं कमी होऊ शकतं.

पैसे कुठे घालू नयेत

मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन, स्मरणशक्तीची टॉनिकं, रंगीत चष्मे, महिन्याभरात वाचन येण्याची हमी देणारे वर्ग. साध्या शिकवणीतही तोच धडा तसाच पुन्हा घोकून घेतात. तेवढ्याच पैशांत आठवड्याला दोन तास चांगला विशेष शिक्षक मिळत असेल तर शिकवणी बंद करा.

आईबाबांचं काय

बहुतेक घरांत अभ्यास, शाळा, रुग्णालय सगळं आईकडे आणि निकालाच्या दिवशी प्रश्न विचारणं बाबांकडे. यात काम वाटून घ्यावंच लागतं. बाबांनी निदान रोजचं पाच मिनिटांचं वाचन घ्यावं आणि शाळेच्या भेटींना यावं. आईचा सूर चढला की त्या दिवशीचा अभ्यास बंद, कुणाची हरकत नाही. सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं.

मुलाला काय सांगायचं? खरं ते, त्याच्या वयाला झेपेल असं. ‘तुला वाचायला जास्त वेळ लागतो. तू मठ्ठ नाहीस. आपण वेगळ्या पद्धतीने शिकतोय.’ मुलं स्वतःबद्दल याहून कितीतरी वाईट ठरवून बसलेली असतात, त्यामुळे हे ऐकून त्यांना सुटल्यासारखं वाटतं. भावंडाशी तुलना करणाऱ्या काकांना मात्र मुलादेखत नाही, बाजूला घेऊन थांबवा. चित्रकला, खो-खो, तबला, जे काही त्याला जमतं ते ‘आधी मार्क आण’ म्हणून बंद करू नका.

आणि आपल्यासारखे आणखी पालक शोधा. वर्गात एकच मूल असं असण्याची शक्यता कमी असते, पालकसभेत ते सगळे गप्प बसलेले असतात एवढंच. तीन-चार घरं जमली की महिन्यातून एकदा भेटा, कुठल्या रुग्णालयात कधीची तारीख मिळाली, कोण चांगलं शिकवतं याची देवाणघेवाण करा. मुख्याध्यापकांकडे सवलती मागायचं पत्र सगळ्यांच्या सह्यांनी द्या. एकट्या आईची विनंती ‘बघू’वर राहते, सह्यांच्या पत्राला आवक क्रमांक पडतो. आपली प्रत शिक्का मारून परत घ्यायला विसरू नका.